श्रेय चूर्णाला, खापर गोळीवर

मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यातली दुपार. केसपेपर भरणाऱ्या मुलीने समोरच्या बाईंना नेहमीचा प्रश्न विचारला, "काकू, दादाला दुसरं काही औषध चालू आहे का?" "नाही गं, हेच तेवढं," काकू म्हणाल्या. पेपर आत गेला. काकू बाकावर येऊन टेकल्या, कापडी पिशवीतून सारस्वतारिष्टाची तपकिरी बाटली काढली, झाकणाने मोजून ते काळपट औषध पेल्यात ओतलं, तेवढंच पाणी घातलं आणि पंचविशीतल्या लेकाच्या हातात दिलं. "जेवण झालंय ना तुझं? मग घेऊन टाक." अरिष्टाचा तो गुळचट-आंबूस वास बाकभर पसरला. पिशवीच्या तळाशी अश्वगंधा चूर्णाचा डबाही दिसत होता. काकू खोटं बोलल्या नव्हत्या, आणि माझ्या डोक्यात रुतून बसलं ते नेमकं हेच. औषध म्हणजे केमिस्टकडून चिठ्ठीवर आणलेली गोळी. बाटलीतलं आणि डब्यातलं ते आपलं घरचं, जेवणाच्या अलीकडचं किंवा पलीकडचं काहीतरी. ते कशाला सांगायचं?

नैराश्यावरच्या गोळ्यांची पहिली अडचण अशी की त्रास आधी होतो आणि आराम मागाहून पडतो. एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन सुरू केलं की पहिले आठ-दहा दिवस मळमळ, डोकं जड, पोट बिघडलेलं, कधी उलट जास्तच बेचैनी. मन हलकं व्हायला लागायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण यायला सहा ते आठ. दुसऱ्या आठवड्यात घरच्यांचा धीर सुटतो. "गोळ्या गरम पडल्या त्याला," असा निकाल लागतो आणि कुणीतरी मावशी, कुणीतरी शेजारचे आप्पा अश्वगंधा सुचवतात. ती सुरू होते तिसऱ्या आठवड्यात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मुलगा आपणहून अंघोळीला जातो, टीव्हीसमोर बसून चक्क हसतो. श्रेय अर्थातच चूर्णाला. आता गुण आलाच आहे तर गोळ्यांची सवय कशाला लावून घ्यायची, म्हणून दोन महिन्यांत गोळ्या बंद होतात, तेही एका दिवसात. मग चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकून गेल्यासारखे झटके. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या गोळ्यांमध्ये हे फार ठळक असतं. फ्लुओक्सेटिन शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतं, त्यामुळे त्यात कमी. "बघा, सवय लागलीच होती," म्हणून खापर पुन्हा गोळीवरच. आणि तीन-चार महिन्यांनी आजार उलटला तर "चूर्ण मध्ये खंडलं ना!"

चूर्णाने काहीच केलं नसेल, असं नाही.

अश्वगंधेचा अभ्यास बराच झाला आहे, पण मुख्यतः ताण आणि झोप यांच्या अंगाने. निव्वळ नैराश्यावर भरवसा ठेवावा असा पुरावा तोकडा आहे. तरीही ज्याची झोप मोडली आहे त्याला झोप लागली तर दिवस सुसह्य होतो, हे खरंच. वापरायचं ते मूळ. काष्ठौषधींच्या दुकानात गेलात तर पिवळट-राखाडी, करंगळीएवढ्या जाडीच्या, मोडल्यावर आत पांढऱ्या पिठूळ दिसणाऱ्या काड्या मिळतात. आपल्याकडे येणारा बराचसा माल मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर पट्ट्यातला. वास घोड्याच्या तबेल्याचा असतो म्हणतात. ताज्या मुळाला तो जास्त, डब्यातल्या भुकटीला नावापुरता. चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. चहाचा सपाट चमचा भरला तर साधारण अडीच-तीन ग्रॅम भरतं. घरोघरी ते गरम दुधाच्या कपात टाकून ढवळतात. भुकटी तळाशी बसते, वरचं दूध पिऊन होतं आणि औषध बेसिनमध्ये जातं. क्षीरपाकाची जुनी रीत वेगळी आहे: औषधाच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी. म्हणजे ५ ग्रॅम भुकटीला ४० मिली दूध आणि १६० मिली पाणी, आणि मंद आचेवर पाणी आटून दूध तेवढं उरेपर्यंत उकळायचं. याला वेळ लागतो, ढवळत राहावं लागतं, नाहीतर खाली लागतं. म्हणूनच ते कुणी करत नाही. पोट जड होणं, गुबारा धरणं, पातळ शौचाला होणं या तक्रारी अर्धवट भिजलेल्या भुकटीने जास्त येतात.

कॅप्सूलची गोष्ट निराळी. तीत भुकटी नसते, अर्क असतो. ३०० मिलिग्रॅम अर्कात पाच टक्के विथॅनोलाइड, म्हणजे अश्वगंधेतली मुख्य औषधी द्रव्यं, असतील तर ती १५ मिलिग्रॅम झाली. भुकटीत हेच प्रमाण मुळागणिक बदलतं, बहुधा एका टक्क्याच्या खालीच राहतं. म्हणून "चमचाभर चूर्ण घेत होतो, आता दोन कॅप्सूल घेतो" हा सरळ अदलाबदलीचा मामला नाही. त्यात काही कंपन्या मुळाबरोबर पानांचाही अर्क घालतात. पानांत विथाफेरिन-ए हे पेशींना घातक ठरू शकणारं द्रव्य जास्त, आणि २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं होतं. लेबलवर 'रूट' असं स्पष्ट लिहिलं आहे का, एवढं तरी दुकानात उभ्या उभ्या पाहता येतं.

आता खापराची दुसरी बाजू. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत, आइसलँड आणि अमेरिकेतून २०२० मध्ये आणि नंतर भारतातूनही. प्रकार विरळा, पण खरा. सुरू केल्यापासून दोन ते बारा आठवड्यांत अंगाला खाज सुटते, लघवी चहासारखी गडद होते, डोळे पिवळे दिसू लागतात. बंद केल्यावर बहुतेकांचं ते ओसरतं, पण त्याला काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागतो. अशा वेळी रुग्ण नैराश्यावरच्या ड्युलॉक्सेटिन किंवा अ‍ॅगोमेलाटिनवर असेल, आणि डॉक्टरांना चूर्णाचा पत्ताच नसेल, तर ते कुणावर संशय घेतील? या दोन्ही गोळ्यांचं नाव यकृताच्या बाबतीत आधीच खराब आहे. चांगली लागू पडलेली गोळी बंद होते, चूर्ण मात्र चालूच. महिनाभराने रक्ततपासणीत यकृताची इजा दाखवणारी एन्झाइम्स अजूनही चढलेलीच, आणि मन पुन्हा खाली. एका 'नाही'ची किंमत एवढी होऊ शकते.

थायरॉइडचंही तसंच. अश्वगंधा थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकते. नैराश्याच्या रुग्णांत, विशेषतः बायकांमध्ये, थायरॉइड मंदावलेला असणं आणि रोज सकाळी उपाशीपोटी त्याची गोळी घेणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. त्यात अश्वगंधेची भर पडली की छातीत धडधड, हातांना कंप, घाम, झोप उडणं. पाहणाऱ्याला वाटतं, हिची चिंता वाढली. चिंतेची गोळी वाढवली जाते. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, तपासायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण सहा महिन्यांपूर्वी ते बरोबर आलेलं असतं.

ब्राह्मीबद्दल थोडक्यात. नर्सरीतून 'ब्राह्मी' म्हणून आणलेलं गोल, दातेरी पानांचं रोप बहुधा मंडूकपर्णी असतं, कोकणातला कारिवणा. ज्या ब्राह्मीच्या अर्कावर स्मरणशक्तीचे प्रयोग झाले ती नीरब्राह्मी, पाणथळ जागी पसरणारी, बारीक मांसल पानांची. त्या प्रयोगांत मात्रा बहुधा ३०० मिलिग्रॅम अर्काची, अवधी तीन महिन्यांचा. उपाशीपोटी घेतली तर मळमळ आणि पोटात कळा येऊ शकतात. नैराश्यासाठी तिच्याकडून फार आशा ठेवू नये. डोक्याला चोळायच्या तेलाविषयी तक्रार नाही. ते चोळणाऱ्या हाताचा गुण मला तरी औषधाहून मोठा वाटतो.

काकूंच्या हातातल्या त्या बाटलीकडे मात्र जरा थांबून पाहायला हवं. आसव-अरिष्टं आंबवून करतात, आणि त्यांत तयार होणारं मद्य साधारण पाच ते दहा टक्के असतं. लेबलवर 'सेल्फ जनरेटेड अल्कोहोल' असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. १५-२० मिली अरिष्टातून जाणारं मद्य थोडंच, आणि बहुतेकांना त्याने काही होत नाही. पण रात्री क्लोनाझेपाम ही गुंगी आणणारी गोळी घेणाऱ्याला त्याची गुंगी वर चढते. आणि दारू सुटावी म्हणून डायसल्फिराम चालू असेल तर प्रश्नच वेगळा. ही गोळी चालू असताना थोडंसं मद्य पोटात गेलं तरी चेहरा लालबुंद होणं, छातीत ठोके पडणं, ओकाऱ्या, रक्तदाब घसरणं असा प्रकार होऊ शकतो. नैराश्य आणि दारू एकाच घरात किती वेळा हातात हात घालून असतात, हे वेगळं सांगायला नको. कित्येक घरांत तर ही गोळी त्या माणसाला न सांगता भाजीत कुस्करून घातली जाते, आणि त्याच घरातली दुसरी कुणी माउली 'डोकं शांत राहावं' म्हणून त्यालाच अरिष्ट पाजते. दोघींचाही हेतू चांगला असतो.

गोळीसोबत, गोळीऐवजी नव्हे, अशा तऱ्हेने एखादी वनस्पती तपासून पाहण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. आपल्याला जवळचं उदाहरण गुजरातेतल्या भावनगरचं. तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात नैराश्याच्या ६० रुग्णांचे तीन गट केले. एकाला फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅम, एकाला हळदीतलं कर्क्युमिन १००० मिलिग्रॅम, एकाला दोन्ही. अवधी सहा आठवडे. २०१४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही घेणाऱ्यांत गुण आलेल्यांचं प्रमाण थोडं जास्त दिसलं, पण संख्याशास्त्राच्या चाळणीतून तो फरक निसटला. नुसती साखरेची गोळी घेणारा चौथा गट नव्हता, त्यामुळे यात आपोआप बरे होणारे किती, हे उमगत नाही. तरी बातम्यांत 'हळद प्रोझॅकइतकीच (म्हणजे फ्लुओक्सेटिनइतकीच) गुणकारी' व्हायला वेळ लागला नाही. हजार मिलिग्रॅम कर्क्युमिन म्हणजे किती हळद? हळदीत ते सुमारे तीन टक्के धरा, म्हणजे तीसेक ग्रॅमच्या वर, रोज. सांगलीची कितीही चांगली हळद आणा, दुधातून एवढी पोटात जाणार नाही. गेली तरी कर्क्युमिन रक्तात फारसं उतरतच नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्याचं पायपरीन घालतात. ते पायपरीन यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या एन्झाइम्सना दाबतं, आणि मग इतर गोळ्यांची रक्तातली पातळीही वर जाऊ शकते. हळद पचवून घेण्याची युक्तीच दुसऱ्या औषधाच्या मुळावर येते. अशा जास्त शोषल्या जाणाऱ्या हळद-कॅप्सूलनी यकृताला सूज आल्याचेही रुग्ण आहेत. भाजीतल्या हळदीचं यात काही नाव नाही, ती खुशाल घाला.

केशराचं पारडं यापेक्षा थोडं जड आहे. तेहरानमध्ये २००४-०५ च्या सुमारास छोट्या-छोट्या चाचण्या झाल्या. दिवसाला ३० मिलिग्रॅम केशराचा अर्क, सहा आठवडे, तीस-चाळीस रुग्ण, आणि तुलना इमिप्रामिन ही नैराश्यावरची जुनी गोळी आणि फ्लुओक्सेटिन यांच्याशी. निकाल केशराच्या बाजूने चांगले आले. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये, आधीच गोळ्या चालू असलेल्या १६० जणांपैकी निम्म्यांना आठ आठवडे वरून केशराचा अर्क देऊन पाहिलं. तपासणाऱ्यांनी मोजलं तेव्हा केशरवाले बिनकेशरवाल्यांपेक्षा पुढे होते. रुग्णांनी स्वतःच्या नैराश्याचे गुण स्वतः दिले तेव्हा दोन्ही गट सारखेच. मला हा निकाल फार आवडतो, कारण तो कुणालाच पुरतं खूश करत नाही. अर्क सोडून नुसत्या वाळलेल्या काड्या धरल्या तरी ३० मिलिग्रॅम म्हणजे बारा-पंधरा काड्या. कोजागिरीच्या दुधात माणशी पडतात त्याहून बऱ्याच जास्त, आणि महिनाभराचा खर्च एखाद्या नैराश्याच्या जेनेरिक गोळीच्या कितीतरी पट. शिवाय काड्या खऱ्या असतील तर. आपल्याकडे करडईच्या वाळक्या पाकळ्या आणि रंगवलेली मक्याची केसरं केशर म्हणून सर्रास गळ्यात मारतात. कोमट पाण्यात टाकून पाहा. खरी काडी सावकाश सोनेरी रंग सोडते आणि स्वतः लाल राहते, तिचं एक टोक तुतारीसारखं फुललेलं दिसतं. खोटी भसकन लाल रंग ओकते आणि फिकी पडते. गरोदरपणी मात्र औषधी मात्रेत केशर नकोच.

आणि वनस्पती मन खाली ओढूही शकते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष या मुळाकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. पुढे काही वर्षांतच रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काही रुग्णांना गाढ उदासीनतेने घेरल्याच्या नोंदी होऊ लागल्या. रिसर्पिन मेंदूत निरोप नेणाऱ्या रसायनांचे, म्हणजे सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन, डोपामिन यांचे साठे रिकामे करतं. नैराश्य कशातून येतं, या विचाराला पुढे जी दिशा मिळाली त्यात या निरीक्षणांचा वाटा मोठा. रिसर्पिनने नैराश्य येतंच का, यावर तज्ज्ञांत आज वाद आहे, पण ज्याला आधीच नैराश्य आहे त्याला ते देऊ नये ही सूचना कायम आहे. इकडे 'शांत झोपेसाठी' म्हणून सर्पगंधेच्या वट्या कुणी काही न विचारता मिळतात, आणि झोप न लागणं ही तर नैराश्यातली पहिली तक्रार.

जर्मनी-अमेरिकेतून येणारा पुतण्या आणतो ती बाटली सेंट जॉन्स वर्टची. सौम्य ते मध्यम नैराश्यावर या वनस्पतीचा पुरावा बाकी सगळ्यांपेक्षा भक्कम आहे, मात्रा बहुधा दिवसाला ९०० मिलिग्रॅम अर्काची. पण ती एकटी घ्यायची. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांच्या जोडीला घेतली तर सेरोटोनिन अतोनात वाढून घाम, थरथर, ताप, स्नायू कडक होणं, भ्रम इथवर मजल जाऊ शकते. शिवाय ती यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स पायपरीनच्या उलट दिशेने, म्हणजे वाढवून ठेवते. गर्भनिरोधक गोळी निकामी होऊ शकते, रक्त पातळ ठेवणारं वॉरफॅरिन कमी पडतं. २००० मध्ये झुरिकमध्ये हृदय बदललेल्या दोन रुग्णांना नवं हृदय नाकारलं जाण्यापर्यंत वेळ आली, कारण शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलेल्या सायक्लोस्पोरिनची पातळी हिने खाली आणली होती. गोळीला 'जोड' म्हणून जी वनस्पती सर्वांत चुकीची, तिच्यावर 'मूड सपोर्ट' लिहिलेलं असतं.

काही गोष्टी तर औषध वाटतच नाहीत. घसा धरला म्हणून ज्येष्ठमधाची काडी चघळली तर काही बिघडत नाही. पण आठवडेच्या आठवडे रोज काढा घेतला की रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. व्हेन्लाफॅक्सिननेही रक्तदाब चढतो. एस्सिटालोप्रामवर असणाऱ्याचं पोटॅशियम उतरलं तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडायची भीती. मनाच्या चढउतारांवरचं लिथियम घेणाऱ्याने 'शरीरशुद्धी' म्हणून विरेचन, म्हणजे जुलाबाचं औषध, घेतलं, किंवा आठवडाभर अळणी खाल्लं, तर पाणी आणि मीठ घटून लिथियम रक्तात साठतं. हात कापायला लागतात, पाय लटपटतात, जुलाब लागतात. ते जुलाब विरेचनाचेच म्हणून दोन दिवस अंगावर काढले जातात, आणि त्या दोन दिवसांत मूत्रपिंडावर येतं.

हे सगळं वाचून डबा फेकून द्यायची गरज नाही. पण केसपेपरवरचा तो प्रश्न बदलायला हवा. "दुसरं औषध चालू आहे का?" याचं उत्तर 'नाही'च येणार. "चूर्ण, काढा, अरिष्ट, कुणी दिलेली पुडी, ऑनलाइन मागवलेली कॅप्सूल, काही आहे का? पिशवीतून काढून दाखवा बघू," असं विचारलं की बाटल्या टेबलावर येतात. आणि बाटल्या आल्यावर डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या की पुढच्या खेपेला त्या घरी राहतात. निम्मं मौन या आठ्यांचंच आहे. वैद्यांकडेही हेच उलट्या बाजूने चालतं. "आधी त्या ॲलोपॅथीच्या गोळ्या बंद करा," हे वाक्य फार सहज फेकलं जातं. ते ऐकून गोळी एका रात्रीत सोडणारा पुढचे पंधरा दिवस कसे काढतो, हे ते वाक्य म्हणणाऱ्याला दिसत नाही. जीव नकोसा झालाय अशी भाषा तोंडून निघत असेल तर मात्र चूर्ण-गोळीचा वाद त्या दिवशी घालूच नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत, किंवा १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फिरवावा. तिथे मराठीत बोलता येतं.

बाकी वेळी, ज्यांना जोड द्यायचीच आहे त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गोळीची मात्रा बसून सहा-आठ आठवडे होऊ द्यावेत, मगच चूर्ण, आणि तेही एकच. म्हणजे गुण कशाचा आणि त्रास कशाचा, हे निदान थोडंफार कळेल. अश्वगंधा सुरू करण्याआधी टीएसएच आणि यकृताची तपासणी, दीड-दोन महिन्यांनी तीच पुन्हा. बरं वाटू लागल्यावरही गोळी किमान सहा ते नऊ महिने, आणि थांबवायची तेव्हा डॉक्टरांच्या हिशेबाने, पायरी-पायरीने. ऑपरेशन ठरलं असेल तर चूर्ण-कॅप्सूल दोन आठवडे आधी बंद, आणि भूलतज्ज्ञांना तसं सांगायचं. वैद्यांकडून औषधाचं नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख एवढं मात्र लिहूनच घ्यावं. स्मृतिसागर रसासारखा रसकल्प, म्हणजे धातू-खनिजांचं औषध, असेल तर त्यात पारा आणि हरताळ (आर्सेनिकचं खनिज) आहे, हेही त्याच कागदावर यायला हवं. नुसत्या 'मनाच्या वट्या' म्हणून कागदाच्या पुडीत बांधून मिळालं असेल, आणि नाव विचारल्यावर "आमचा घरचा योग आहे" एवढंच उत्तर आलं असेल, तर ती पुडी परत करावी.